बैलांच्या सुट्टीतली सहल

शाळेच्या सचिवांनी परवानगी दिली ती उभ्याउभ्याच, आणि अट घालून.

"नऊ पोरी पायी निघतीन, नऊ पोरी पायी पोचतीन. चौथ्या दिवशी, शेवटच्या बसच्या आत, उमरखेडच्या स्टँडवर. मी सोता तिथं येऊन मोजतो. एक जरी पोरगी बैलगाडीत बसून आली, का दिवस चुकला, तं बाई, पोरींची ही पयली पायी सहल अन् शेवटचीबी हेच."

मी "मान्य" म्हटलं आणि कागद पुढे केला. त्यांनी सही केली.

नातवंडांनो, तुम्ही दोघं पाठीवर घर बांधून ढगातल्या डोंगरांमध्ये आठ-आठ दिवस चालता आणि मला फोटो पाठवता. तुमच्या पर्वतांपुढे पुसदचे डोंगर म्हणजे टेकड्याच. पण भाद्रपदाच्या तोंडाशी आमच्याही टेकड्यांवर ढग येऊन बसतो आणि उठत नाही. सागाची पानं सुपाएवढी झालेली असतात, गवत कमरेपर्यंत येतं, आणि प्रत्येक नाल्याला आपण नदी आहोत असं वाटायला लागतं. त्या दिवसांत मी नऊ मुलींना घेऊन पुसदहून उमरखेडला डोंगरातून चालत गेले. सडकेनं बसला जो वेळ लागत असे तो तुम्हाला सांगितला तर तुम्ही हसाल. आम्हाला चार दिवस लागले.

विदर्भ महाराष्ट्रात आला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. नागपूरला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि पुसदला मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि कवायत शिकवत होते. मुलांच्या शाळेची पायी सहल दरवर्षी निघे. आमच्या मुलींना वर्षातून एकदा बसमध्ये घालून एखाद्या देवळाला नेत आणि दिवे लागायच्या आत परत आणून ठेवत. मी तीनदा लेखी अर्ज केला. तिसऱ्या अर्जाला सचिव कंटाळले, म्हणून मंजुरी मिळाली. ते कापसाचे अडते होते, माणूस तोंडाचा कडक, पण शब्दाचा पक्का. शब्दाचा पक्का म्हणजे अटीचाही पक्का, हे मला माहीत होतं. आपल्या हातून एक चूक झाली तर मागून येणाऱ्या किती मुली घरी बसतील, याचा हिशेब मी त्या वयातही करू शकत होते. म्हणून मी कडक तयारी केली.

माझी तयारी कशी असते ते तुमच्या आईला विचारा. चार दिवसांचं वेळापत्रक, अर्ध्या-अर्ध्या तासाचं. शिधा किती, कोणती भांडी, कोणाच्या अंथरुणात काय. होकायंत्र, शिट्टी, पट्ट्या आणि आयोडीन. नागपूरहून मी कॅनव्हासचे बूट मागवले, नऊ जोड. चपलांनी डोंगर चढायचा नाही, असं मी वाचलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मुलींना रांगेत उभं करून सचिवांची अट मी शब्दाला शब्द वाचून दाखवली. "लक्षात ठेवा, एकीनं जरी माघार घेतली तरी सगळ्यांची सहल संपली." असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती.

मोठी माणसं आम्ही तिघं होतो. एक मी. दुसऱ्या शाळेच्या मावशी, ज्या घंटा देत आणि पाणी भरत. छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन त्या दीक्षा घेऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून कोणी जात विचारली की एका शब्दात उत्तर देऊन पुढचा प्रश्न त्याच विचारत. पहिल्याच मुक्कामाच्या गावी विहिरीवर एका बाईनं विचारलं, "कोन तुमी?"

"बौद्ध," मावशी म्हणाल्या. "तुमच्या विहिरीले दोर हाय, का आमचा आनू?"

ती बाई दोर सोडून बाजूला झाली.

तिसरे होते एक बंजारा म्हातारबाबा, सत्तरीचे. त्यांच्या आजोबांचे शेकडो बैल पाठीवर गोण्या घेऊन मीठ आणि धान्य वाहत या डोंगरांमधून जात. आगगाड्या आल्या, तो धंदा बसला, आणि बाबांच्या वडिलांनी शेती धरली. बाबांकडे दोनच बैल होते, पण त्यांच्या पाठीवर गोणी बांधायची जुनी रीत त्यांना येत होती. आमचा शिधा, भांडी, अंथरुणं सगळं त्या दोन बैलांवर होतं. मुलींच्या हातात काठी आणि गळ्यात पाण्याची बाटली, बस.

पहिला दिवस सोपा गेला. दुसऱ्या दिवशी घाट चढायचा होता. वाट लाल मुरमाची आणि घसरडी. निम्म्यावर ढग लागला. खालून पाहिलं तर ढग डोंगरावर बसलेला दिसतो. आत शिरल्यावर तो बसलेला नसतो, सारखा झाडांमधून सरकत असतो. सागाच्या पानांवरून पाणी टपटपत होतं, पण पाऊस नव्हता. मुलींच्या वेण्या भिजल्या, भुवयांवर थेंब बसले. एकजण म्हणाली, "बाई, आपण ढगात आहो, तं खालून आपल्याले कोणी पाहिलं तर?" दुसरी म्हणाली, "म्हणतीन, पाह्य, पुसदच्या पोरी स्वर्गात चालल्या. तिकीट नाही काढलं." त्या हसत होत्या आणि चढत होत्या. वेळापत्रकापेक्षा आम्ही वीस मिनिटं पुढे होतो. मला फार बरं वाटलं.

दुपारी वरच्या तांड्यात पोचलो. तिथे बाबांची लेक दिली होती, म्हणून मुक्काम ठरवला होता. चार वाजता बाबांनी बैलांच्या गोण्या उतरवल्या, त्यांना धुतलं, आणि एका वाटीत लोणी आणि हळद कालवून त्यांच्या खांद्यांना चोळायला बसले. तांड्यात जागोजागी हेच चाललं होतं. बाबांनी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मुली कौतुकानं पाहत होत्या. मी कागद काढला आणि म्हणाले, "बाबा, उद्या सकाळी सहाला निघायचं आहे. साडेपाचला गोण्या बांधाल ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना देवळात जोडे घालून चला म्हटलं होतं.

"उद्या पोळा हाय, बाई."

"हो, म्हणूनच तर शाळेला सुट्टी आहे."

"शाळेले सुट्टी कायची? बैलाले सुट्टी. उद्या बैलाच्या पाठीवर काडीबी ठेवत नाही मी."

मुलांनो, मला पोळा माहीत नव्हता असं नाही. पण नागपुरात आमच्या घरी बैल नव्हते. पोळा म्हणजे पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतून ओढायचे लाकडी बैल. सुट्ट्यांचे चार दिवस सलग मिळतात म्हणून मी ते घेतले. ती सुट्टी मुळात कोणाची, हे माझ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळापत्रकात कुठे नव्हतं.

"मग तुम्ही निघतानाच का नाही सांगितलं?"

"तुमी शिकेल बाई. तुमाले पोळा सांगाचा का?" बाबा म्हणाले. "मले वाटलं, उद्याचा दिवस इथं थांबणार असान."

मी मावशींकडे पाहिलं. "माझ्याकडे काहून पाह्यता?" त्या म्हणाल्या. "मलेबी तसंच वाटलं. पोळ्याच्या दिवशी कोनी चालते का?"

एक दिवस थांबलो तर उमरखेडला एक दिवस उशिरा पोचणार, म्हणजे अट मोडली. मी ठरवलं की जरूर तेवढं सामान आपण डोक्यावर घ्यायचं, बाकीचं बाबांनी मागाहून पुसदला पोचवायचं. हे मी मुलींना सांगत होते तेवढ्यात बाबा खांदा चोळता चोळता म्हणाले,

"अन् त्या छोरीचं काय करता?"

"कोणत्या?"

"ते बोलत नाही ते. डाव्या पायाची. काल दुपारपासून तिचं पाऊल पुरं टेकून नाही राह्यलं."

ती मुलगी महागावकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. शिकण्यासाठी पुसदला मामाकडे राहत होती. अंगानं काटक आणि स्वभावानं इतकी शांत की हजेरीला "हजर" म्हणे तेवढाच तिचा आवाज. मी तिला जवळ बोलावून बूट काढायला सांगितला. ती काढेना. मावशींनी तिला खाली बसवलं आणि काढला. टाच सोललेली होती, घोट्यापर्यंत सूज, आणि मोजा जखमेला चिकटलेला. जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाला मी नागपूरचा नवा बूट घातला होता, आणि तो दोन दिवस ओला होता.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

ती मान खाली घालून म्हणाली, "तुमीच तं म्हटलं होतं बाई, एकीमुळे सगळ्यांची सहल संपन."

मी पट्ट्यांची पेटी आणायला उठले. बाबा म्हणाले, "राहू द्या," आणि बैलाच्या खांद्याच्या वाटीतलंच लोणी-हळद दोन बोटांनी उचलून तिच्या टाचेला लावलं. "बैल बी सांगत नाही, खांदा सोलटला म्हनून," ते म्हणाले. "चालीवरनं समजून घ्या लागते. पन बैलाले तोंड नाही, तुले हाय ना, छोरी?"

मी मात्र त्या क्षणी ठरवलं की मुलगी आणखी एक पाऊल चालणार नाही. अट गेली तर गेली. तांड्यापासून एक गाडीवाट खाली महागावच्या सडकेला जाते. तिथून बस मिळते. मी नाईकांकडे गेले. तांड्यात नाईकाचा शब्द शेवटचा. ते ओसरीत झुली झटकत बसले होते. मी म्हटलं, जखमी मुलगी आहे, उद्या सकाळी एक गाडी द्या.

"याडी," ते म्हणाले. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. तेवीस वर्षांच्या मला ते आई म्हणत होते, इतकी त्यांना माझी दया आली असावी. "मरनारा मानूस असता तं आमी खाटेवर घालून खांद्यावर नेला असता. बैल नाही जुंपत. परवा मागा, दोन गाड्या देतो."

ती मरणार नव्हती. टाच सोललेली होती. खाटेवर घालून नेण्याइतकं काही नव्हतं आणि गाडी मिळत नव्हती. थांबावं तर उशिराचा निरोप घेऊन जायलाही पोळ्याच्या दिवशी माणूस मिळणार नव्हता. मी परत आले तेव्हा ती मुलगी मावशींना सांगत होती, "मले इथं सोडून जा, मी मामाकडे परवा जाईन." आणि मावशी म्हणत होत्या, "हौ, अन् आमी सचिवाले आठच पोरी दाखवू? गप्प बस."

बाबांनी त्यांच्या आजोबांची रीत सांगितली. बैलांचा लमाण, म्हणजे ओझ्याच्या बैलांची रांग, चालला की ज्या बैलाला लागलं असेल त्याच्या पाठीवरचं ओझं काढायचं, ते इतरांत वाटायचं, आणि त्याला सगळ्यांच्या पुढे लावायचं. "मागं ठेवला तं त्याले पुढच्यांसंगं धावा लागते. त्यानं मरते. पुढं ठेवला तं बाकीचे त्याच्या चालीनं चालतात. कोनी पुढं नाही जायचं, मालकबी नाही."

"आणि पोचायला उशीर झाला तर?"

"उशीर होते," बाबा म्हणाले. "पन सगळे पोचतात."

ते स्वतः येणार नव्हते. पोळ्याला बैल सोडून जाणं त्यांना जमणार नव्हतं आणि मी ते मागितलंही नाही. पठारावरून पलीकडच्या तांड्यापर्यंत सहा मैलांची वाट होती, जुन्या लमाणांचीच. "पायाखाली दगडी वाट लागन," ते म्हणाले. "तेच धरून राह्यजा. सुटली तं थांबजा."

सकाळी ओझी वाटली. मावशींनी मोठं पातेलं डोक्यावर घेतलं आणि त्यात पीठ. मुलींनी अंथरुणं पाठीला बांधली. त्या मुलीच्या पायाला तेलात भिजवलेल्या फडक्याच्या घड्या बांधल्या, दुसऱ्या पायातलाही बूट काढला. आणि मग मी काय केलं ते सांगते. मी तिला दुसऱ्या नंबरावर ठेवलं. पहिला नंबर मी घेतला. माझ्या हातात होकायंत्र होतं, आणि वर्गाच्या पुढे बाई चालतात, बाईच्या पुढे कोणी चालत नाही.

पठारावर ढग कालच्यापेक्षा दाट होता. मागे वळून पाहिलं तर चौथी मुलगी दिसत नव्हती. मी शिट्टी वाजवायची आणि मागून मावशींनी "हौऽ" म्हणायचं, असं चाललं होतं. एरवी त्या पठारावर गुराखी असतात, लाकूडवाले असतात, कोणालाही वाट विचारता येते. पोळ्याच्या दिवशी एक माणूस नव्हता. गुरंसुद्धा घरी. सालईची झाडं ढगातून एकदम समोर येत आणि मागे जात. कुठेतरी पाणी पडत होतं, पण कोणत्या बाजूला ते कळत नव्हतं.

तासाभरानं माझ्या पायाखालून एक दगड निसटला. तो घरंगळत गेला. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. तो बराच वेळ घरंगळत होता, मग आवाज आलाच नाही. पुढे दरी होती. होकायंत्र दक्षिण बरोबर दाखवत होतं. दरीही दक्षिणेलाच होती.

"कोणी हलू नका," मी म्हटलं.

मागून मावशींचा आवाज आला. "बाई, त्या बुढ्यानं काय सांगतलं होतं? कोनाले पुढं ठेवाचं?"

आणि माझ्या अगदी पाठीशी ती मुलगी म्हणाली, "बाई, ही वाट नाही. मघापासून नाही. पायाले मऊ लागून राह्यलं. वाट कडक असते."

"मघापासून म्हणजे?"

"त्या मोठ्या झाडापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी पुढं होत्या ना."

तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं नाही. तिच्या दृष्टीनं ते पुरेसं कारण होतं.

मी वाटेतून बाजूला झाले आणि तिला म्हटलं, "चल. तू पुढे."

तिनं काठी टेकली आणि अनवाणी पावलानं आधी चाचपून मग वजन टाकत ती आल्या वाटेनं मागे चालायला लागली. आम्ही सगळ्या तिच्या मागे, एकमेकींचा पदर किंवा ओढणी धरून. मोठ्या सालईपाशी ती थांबली. डावीकडे चार पावलं गेली, परत आली. उजवीकडे गेली. मग म्हणाली, "हे पाहा." तिथे गवताखाली दगड होते, आणि त्या दगडांना वाटीसारखे खळगे पडलेले. बैलांच्या खुरांनी, किती वर्षांत कोण जाणे. माझ्या बुटाच्या तळव्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिचा पाय त्या खळग्यात बरोबर बसत होता.

तिथून पुढे तिची चाल आमची चाल झाली. पन्नास पावलं, मग थांबा. पाय बदलून उभी राहायची, पुन्हा पन्नास पावलं. डोक्यावर ओझं घेऊन इतकं हळू चालणं फार कठीण असतं. एक मुलगी वैतागून म्हणाली, "हिच्या मागं चाललो तं दिवाळी पठारावरच होईन."

"मंग तू पळत पुढं जाय," मावशी म्हणाल्या. "दरी तिथंच हाय. खाली गेल्यावर फराळाचं करून ठेवजो."

मुली हसल्या, आणि पुढे चालणारी तीसुद्धा हसली. मला तिची फक्त पाठ दिसत होती, पण खांदे हलले. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं तीच पुढून सांगायला लागली. "इथं घसरते, उजव्या पायानं या." "खाली वाका, काटा हाय." "नाला आहे, पाणी नाही, भेऊ नका." वर्षभर जिचा आवाज ऐकला नव्हता ती आता आम्हा दहा जणींना हुकूम सोडत होती आणि सगळ्या निमूट ऐकत होत्या. मीही.

सहा मैलांना आठ तास लागले. पलीकडच्या तांड्यात पोचलो तेव्हा तोरणाखाली बैल ओळीनं उभे होते, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. आमचा चिखलानं माखलेला जथा पाहून एक म्हातारी म्हणाली, "ह्या कोन्या गावच्या वं, पोळ्याच्या दिवशी ओझं वाहून राह्यल्या?" मावशींनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बैलाची सुट्टी आमी भरून काढून राह्यलो, माय." आम्हाला पुरण मिळालं. बैलांनी आधी खाल्लं, मग आम्ही.

शेवटच्या दिवशी फक्त उतार होता, पण उतारच सोललेल्या टाचेला वाईट. ढग वर राहिला आणि खाली उमरखेडकडची शेतं दिसायला लागली, ज्वारी आणि कापूस, आणि पार पलीकडे पैनगंगेची रेघ. एका नाल्याला मांडीभर पाणी होतं. जखम भिजू नये म्हणून मावशींनी तिला पाठीवर घेऊन तो ओलांडला. बाकी सगळं अंतर ती चालली.

उमरखेडच्या स्टँडवर आम्ही शिरलो तेव्हा शेवटची बस लागलेली होती. सचिव कडेला खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि बोटानं मोजायला लागले. नऊ. मग त्यांचं लक्ष फडकी बांधलेल्या पायाकडे गेलं.

"पोरी, इकडं ये. तुले गाडीत बसवून आनलं काय? खरं सांग."

"नाही काका. मीच पुढं होती."

"पुढं म्हंजे?"

"सगळ्यायच्या पुढं. बाई माह्या मागं होत्या. वाट मले सापडत होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काम झालं होतं. मी फक्त "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला ते पटलं नाही.

"तिनं सांगितलं ते खरं आहे," मी म्हटलं. "आता मी सांगते ते ऐका. परवा संध्याकाळी मी तिच्यासाठी गाडी मागितली होती. पोळा होता म्हणून मिळाली नाही. मिळाली असती तर मी तिला बसवून पाठवलं असतं."

"म्हंजे अट मोडली असती."

"मोडली असती. आणि ती मोडायलाच हवी होती. ह्या मुलीनं दोन दिवस पाय लपवला, तो तुमच्या अटीपायी आणि मी ती पाठ करून घेतली त्यापायी. तिच्या टाचेत विष भरलं असतं तर तुम्ही काय मोजलं असतं? पुढच्या वर्षी मी सहल नेईन, पण अट नको. ज्या मुलीचा पाय दुखेल ती गाडीनं घरी येईल, आणि बाकीच्या पुढे जातील. हे मान्य असेल तर न्यायची. नसेल तर मीच अर्ज करणार नाही."

"तुमी मलेच अट घालून राह्यल्या, बाई?"

"हो."

कंडक्टरनं घंटी दिली. मुली खिडक्यांमधून ऐकत होत्या; त्यातल्या दोघी तर उघडउघड. सचिवांनी खुर्ची उचलली, ज्या हॉटेलवाल्याची होती त्याला दिली आणि परत आले. "लिहून आना," ते म्हणाले. "तोंडी मी मानत नाही." मग त्या मुलीला म्हणाले, "पुढं बस तू, ड्रायव्हरजवळ. मागं फार आदळते."

मी लिहून नेलं. तीन ओळी होत्या. त्यांनी एका शब्दावर आक्षेप घेतला, तो मी बदलला, आणि त्यांनी सही केली.

त्या मुलीची टाच पंधरा दिवसांनी भरून आली. वर्गात ती पुन्हा शांतच असे, पण आता मी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं तर हात वर करी. वर्षातून दोन-तीनदा तरी तिला हात वर करावा लागे.

पुढच्या वर्षी सहलीला चौदा जणी आल्या. वेळापत्रक मी एक दिवस मोकळा ठेवून केलं आणि बूट कोणावर लादले नाहीत. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी तापली आणि एकीचा गुडघा सुजला. दोघी बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून बसनं घरी गेल्या. मावशी त्यांना पोचवून तिसऱ्या मुक्कामाला आम्हाला येऊन मिळाल्या. बारा जणी पुढे चालत गेल्या. परत आल्यावर सचिवांनी मला वाटेत पाहून एवढंच विचारलं की त्या दोघींना बरं वाटतं ना, आणि आपल्या अडतीकडे निघून गेले.